असाजीचं म्हणणं आणि आनंदीबाईंचा दोष

हिरकणीवाडीत मृगाच्या सरी सुरू झाल्या की रायगड नाहीसा होतो. आमच्या मागच्या पडवीतून कडा दिसतो. उन्हाळ्यात तो इतका जवळ वाटतो की हात लांब करून खाजवावा. पावसाळ्यात मात्र चार-चार दिवस तिथं काही नसतंच. रोपवेचा पाळणा थोडा वर गेला की पांढऱ्यात विरघळतो, आणि खाली आमच्या खाणावळीत भाकरीची वाट बघत बसलेला मुंबईकर विचारतो, “काका, गड नेमका कुठाय?” मी बोट वर करतो. त्याला वाटतं, चेष्टा करतोय.

हे आधी सांगायचं कारण असं की, अकिरा कुरोसावाच्या ज्या चित्रपटाबद्दल मला लिहायचं आहे त्यात असंच धुकं आहे, आणि तो चित्रपट मला आवडला तो पहिल्यांदा त्या धुक्यामुळे. मी दहावीनंतर मुंबईला गेलो. गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम मिळालं. एका फिल्म सोसायटीची पत्रकं आमच्याकडे छापली जात. १९९३ साली अशा एका पत्रकात मी ‘कुरोसावा’चं ‘कुरासोवा’ केलं. ते प्रुफात सुटलं आणि तसंच छापलं गेलं. पत्रकं न्यायला आलेल्या गृहस्थांनी रागावण्याऐवजी मला एक पास दिला. म्हणाले, ज्याचं नाव बिघडवलंस त्याचं काम तरी बघून ये. अशा रीतीनं मी ‘कुमोनोसुजो’ पाहिला. या नावाचा अर्थ कोळ्याच्या जाळ्याचा गड. इंग्रजीत तो ‘थ्रोन ऑफ ब्लड’ या नावानं ओळखला जातो. खालची इंग्रजी अक्षरं वाचून होईपर्यंत पुढची येत, त्यामुळे बोलणं मला निम्मंच कळलं. पण सुरुवातीला दोन घोडेस्वार धुक्यात वाट चुकतात, पुढे येतात, वळतात, पुन्हा धुक्यात जातात, पुन्हा येतात. हे इतक्या वेळा होतं की माझ्या शेजारी कोणीतरी हसायला लागलं. मला हसू आलं नाही. धुक्यात माणूस सरळ चालत नाही, गोल फिरतो, हे गडाखाली वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. ज्याला हे माहीत आहे त्या दिग्दर्शकावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं तेव्हा वाटलं. तो विश्वास गेली तीस वर्षं टिकला आहे. एका मुद्द्यावर मात्र माझं त्याच्याशी भांडण आहे, तेही या लेखात येईल.

चित्रपट १९५७ सालच्या जानेवारीत जपानमध्ये लागला. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची गोष्ट कुरोसावानं जपानच्या यादवीच्या काळात नेली. त्या काळात दोन-अडीचशे गाव राखणारा सरदारही उद्या धन्याचा गळा कापून धनी होऊ शकत असे. खालच्यानं वरच्याला उलथवणं, याला जपानी भाषेत एक शब्दच आहे, ‘गेकोकुजो’. मॅकबेथ इथे वाशिझु होतो (तोशिरो मिफुने), त्याची बायको असाजी (इसुझु यामादा), मित्र बँको मिकी होतो, आणि तीन चेटकिणींच्या जागी जंगलात चरखा फिरवत बसलेलं एकच पांढरं भूत येतं. गडाचे देखावे फुजी पर्वताच्या उतारावर उभारले होते, कारण कुरोसावाला तिथली काळी ज्वालामुखीची माती हवी होती आणि तिथलं धुकं हवं होतं. नाटकातली एकही कविता चित्रपटात नाही. ज्या स्वगतांसाठी जग ‘मॅकबेथ’ वाचतं ती सगळी गाळली आहेत. त्या जागी घोड्यांच्या टापा, वारा, आणि असाजी चालते तेव्हा तिच्या किमोनोची जमिनीवरून होणारी सळसळ.

मराठीला ‘मॅकबेथ’ नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनी त्याचं ‘मानाजीराव’ केलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं आणि देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’, त्याच लाटेतलं हे नाटक. पुढे वि. वा. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ १९५४ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघानं रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल, आणि समोर नानासाहेब फाटक व दुर्गा खोटे. म्हणजे कुरोसावाच्या तीन वर्षं आधी मुंबईत तेच काम चाललं होतं. या योगायोगावर आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं माझ्या वाचनात आलं नाही. पण माझ्या मते ‘कुमोनोसुजो’चा खरा मराठी जोडीदार ‘मानाजीराव’ किंवा ‘राजमुकुट’ नाही. तो आहे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ (१९०९). त्यात शेक्सपिअरचं एकही पात्र नाही. सगळी माणसं शनिवारवाड्यातली आहेत. तरीही राजाच्या खुनाची हाव, ती हाव पेटवणारी बायको आणि खुनानंतर पोखरत जाणारा नवरा हा सांगाडा ओळखीचा आहे. नानासाहेब फाटकांनी राघोबादादा आणि दुर्गाबाईंनी आनंदीबाई साकारली, आणि त्याच जोडीनं ‘राजमुकुट’ही केलं, यावरून आपल्या नटांनाही हे नातं दिसत होतं असं म्हणायला जागा आहे.

आता असाजीकडे येतो, कारण सगळा प्रश्न तिच्यापाशी आहे.

भूत वाशिझुला सांगतं, तू आज उत्तरेच्या ठाण्याचा धनी होशील आणि पुढे कोळीजाळ गडाचा. पहिलं लगेच खरं होतं. घरी येऊन तो बायकोला सांगतो की, ती भुताची चेष्टा होती, मी ती मनातून काढून टाकली. असाजी जमिनीवर बसलेली आहे. ती हलत नाही, पापणीही क्वचितच हलते. कुरोसावानं यामादाला नो नाटकातल्या मध्यमवयीन स्त्रीचा एक मुखवटा दाखवला होता आणि चेहरा तसाच ठेवायला सांगितलं होतं. वाशिझु मात्र पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझारा घालतो. ती मोजक्या शब्दांत दोन गोष्टी सांगते. पहिली अशी की, भुताचं बोलणं मिकीनंही ऐकलं आहे, त्यानं ते धन्याच्या कानावर घातलं तर धनी तुम्हाला जिवंत ठेवेल का? दुसरी अशी की, आजचा धनीही आपल्या आधीच्या धन्याला मारूनच गडावर बसला आहे.

मी हा चित्रपट आजवर अकरा वेळा पाहिला असेल. पहिल्या दोन-तीन वेळा मला हे प्रसंग लेडी मॅकबेथच्या भडकावण्याचा जपानी अवतार वाटले. नंतर केव्हातरी लक्षात आलं की, असाजी खोटं काहीच बोलत नाही. धन्यानं खरोखरच आधीच्या धन्याचा खून केलेला आहे, आणि वाशिझु ते नाकारत नाही. तो एवढंच म्हणतो की, त्या वेळी परिस्थिती वेगळी होती. संशय आला तर धनी मारेल, यातही अतिशयोक्ती नाही. धनी शिकारीच्या मिषानं फौज घेऊन ठाण्यावर येतो, तेव्हा तर वाशिझुलाही क्षणभर वाटतं की ही खरं बोलत होती. इथेच शेक्सपिअर आणि कुरोसावा यांच्यातला फरक आहे, आणि तो कपड्यांचा किंवा धुक्याचा फरक नाही. शेक्सपिअरचा डंकन भला राजा आहे. त्याला मारणं म्हणजे जगाची घडी मोडणं, आणि शेवटी त्याचा मुलगा गादीवर आला की घडी पुन्हा बसते. कुरोसावाच्या गडाला मोडायला घडीच नाही. तिथली रीतच खुनाची आहे, आणि ती रीत डोळे उघडे ठेवून वाचणारं त्या गडावर एकच माणूस आहे, ती ही बाई.

खुनाचा प्रसंग बघा. धनी मुक्कामाला आल्यामुळे नवरा-बायकोनं आपली खोली त्याला दिली आहे आणि दोघं ठाण्यातल्या बंद खोलीत झोपणार आहेत. त्या खोलीत आधीचा ठाणेदार फुजिमाकी मेला. तो बंडखोर ठरला होता. त्याच्या रक्ताचा डाग जमिनीवरून निघत नाही. पहारेकऱ्यांना गुंगीची दारू देण्यासाठी असाजी काळोखात शिरते. दिसेनाशी होते, आवाज तेवढा येत राहतो, मग घडा घेऊन ती काळोखातूनच उमटते. झोपलेल्या पहारेकऱ्याचा भाला ती नवऱ्याच्या हातात देते. तो जातो. कॅमेरा त्याच्याबरोबर जात नाही, तो असाजीपाशीच थांबतो. तो डाग, ती आणि वाट बघणं. वाशिझु परत येतो तेव्हा त्याची बोटं भाल्याभोवती आवळून बसली आहेत, उघडत नाहीत. असाजी एकेक बोट सोडवून भाला काढून घेते आणि पहारेकऱ्याच्या हातात नेऊन ठेवते.

ती न उघडणारी बोटं बघताना मला दर वेळी आईची आठवण होते. ती का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी शाळकरी असताना सुट्टीत गडावर वाटाड्याचं काम करायचो. चितदरवाज्यापासून जगदीश्वरापर्यंत पाहुण्यांना फिरवायचं, पाच रुपये मिळायचे. मला लवकरच कळलं की तटाची उंची आणि पायऱ्यांची संख्या सांगितली तर पाच रुपये, पण बायकांची कारस्थानं सांगितली तर सात-आठ. महाराजांच्या निधनानंतर सोयराबाईंनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं, ही १६८० सालची घटना. त्यात मी विषाची वावडी मसाल्यासारखी मिसळायचो. त्या वावडीला इतिहासकार आधार मानत नाहीत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ठाऊक असतं तरी मी थांबलो असतो का, सांगता येत नाही. कधी पाहुणे पुण्याचे असले तर विषय शनिवारवाड्यावर जायचा आणि मग ‘ध चा मा’. एकदा आमच्याच पडवीत बसून मी ती कथा रंगवून सांगत होतो. राघोबादादांनी ‘धरावे’ लिहिलं, आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, वगैरे. पाहुणे खूश होऊन गेले. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “अक्षर तिनं बदललं असंल. मग तरवार काय तिनंच मारली?” मी काहीतरी उत्तर दिलं असेल. आता आठवत नाही.

छापखान्यात गेल्यावर या गोष्टीकडे बघायची माझी नजर आणखी बदलली. खिळ्यांच्या केसमध्ये ‘ध’ एका खान्यात, ‘म’ दुसऱ्यात आणि काना तिसऱ्यात. ‘धरावे’चं ‘मारावे’ करायचं तर एका खिळ्याच्या जागी दोन येतात, ओळ फुगते, शब्दांमधली जागा कमी करून ओळ पुन्हा घट्ट बसवावी लागते. चूक सहज होत नाही. चुकीलाही कष्ट पडतात. अर्थात १७७३ सालचं पत्र खिळ्यांनी छापलेलं नव्हतं, हाताने लिहिलेलं होतं, त्यामुळे ही तुलना ओढूनताणून केलेली आहे हे मान्य. पण तिच्यामुळे मला एक प्रश्न पडला. एवढा मोठा राजकीय खून एका अक्षरावर बसवण्याची गरज कोणाला पडली?

तारखा मांडून बघितल्या तर उत्तर फार लांब नाही. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, भर गणेशोत्सवात. त्यांचं वय अठरा. पण राघोबादादांची गादीची इच्छा काही त्या श्रावण-भाद्रपदात जन्मलेली नव्हती. १७६२ मध्ये आळेगावला त्यांनी पुतण्याशी, म्हणजे थोरल्या माधवरावांशी, लढाई केली होती. १७६८ मध्ये धोडपला पुन्हा केली, हरले, आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. धोडपला कोणता ‘ध’ कोणत्या ‘मा’मध्ये बदलला होता? अटकेपर्यंत गेलेला हा सेनापती, वयानं मोठा, आपल्याला डावलून पोरं गादीवर बसतात हे वर्षानुवर्षं बघणारा. गारदी थकलेल्या पगारासाठी चिडलेले. वाड्यात हत्यारबंद माणसं शिरवायची आणि मालकाला फक्त ‘धरायचं’, या बेतात कोणाचा जीव जाणार नाही असं ज्यांना वाटलं, त्यांच्या भोळेपणावर मला तरी विश्वास ठेवता येत नाही. ‘ध चा मा’ची कथा खरी धरली तरी दोष बाईकडे जातो आणि बेत आखणारे पुरुष ‘धरावे’च्या आडोशाला सुरक्षित राहतात. ही कथा इतकी टिकली ती या सोयीमुळे, असं माझं मत आहे. ज्या पत्रावर ती उभी आहे ते पत्र तर कोणाच्या हाती लागलेलंच नाही.

खाडिलकरांनी ही सोय मोडली का? अर्धी मोडली. ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई हुशार आहे, करारी आहे, नवऱ्यापेक्षा जास्त धीट आहे, पण ती भडकावणारी आहे, आणि नाटकाच्या गणितात कट पुढे ढकलणारं बळ तिचंच आहे. वर्ष १९०९. सुरतेला काँग्रेस फुटून दोन वर्षं झालेली, टिळक मंडालेला. घरातली फूट हे त्या वेळच्या प्रेक्षकाचं दुखणं होतं आणि फुटीला एक चेहरा हवा होता. तो चेहरा बाईचा निघाला. पुढे प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) ललिता पवारांची आनंदीबाई आली आणि तो चेहरा पक्का झाला. त्या नटीच्या ताकदीबद्दल मला काही म्हणायचं नाही. उलट ताकद कमी असती तर बरं झालं असतं, असं वाटण्याइतकी ती आहे.

मात्र खाडिलकरांच्या नाटकात एक माणूस आहे आणि तो कुरोसावाच्या गडावर नाही. रामशास्त्री प्रभुणे. गादीवर बसलेल्या माणसासमोर उभं राहून तू खुनी आहेस आणि देहान्त प्रायश्चित्ताशिवाय तुला दुसरं प्रायश्चित्त नाही, असं सांगणारा न्यायाधीश. तो दोष राघोबादादांच्या पदरात घालतो. पत्र, अक्षर, बायको, कोणाच्याही मागे दादांना लपू देत नाही. आईनं चुलीपाशी विचारलेला प्रश्न शास्त्रीबुवांनी दरबारात विचारला, एवढाच फरक.

इथं माझं कुरोसावाशी भांडण सुरू होतं. त्याच्या चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी धुक्यातलं माळरान आहे. तिथं एक लाकडी खांब उभा आहे. पूर्वी इथे गड होता, एवढंच तो सांगतो. मागे पुरुषांच्या आवाजात गंभीर गाणं चालू असतं, माणसाची हाव तेव्हाही होती आणि आजही तीच आहे, असा त्याचा साधारण आशय. हे सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण पहिल्या मिनिटाला सगळं संपलेलं दाखवलं की मग कोणी काय केलं याला किंमत उरत नाही. हाव हवेसारखी सगळीकडे आहे, भूत चरखा फिरवतं आहे, माणसं सुतासारखी गुंडाळली जात आहेत. वाशिझुचा निवाडा कोणी करत नाही. शेवटी त्याचेच सैनिक त्याच्यावर बाणांचा पाऊस पाडतात. जंगल चालून आल्यावर ते घाबरले आहेत आणि हा आता हरणार हे त्यांनी ओळखलं आहे. त्या प्रसंगात बरेचसे बाण खरे होते. विद्यापीठांतले धनुर्धारी विद्यार्थी ते मिफुनेच्या आजूबाजूच्या फळ्यांवर मारत होते, आणि मिफुनेच्या चेहऱ्यावरची भीती त्यामुळे खरी आहे. भीती खरी, शिक्षा खोटी, असं मला दर वेळी वाटतं. गेकोकुजोची साखळी आणखी एक कडी पुढे गेली, इतकंच झालं.

त्यामुळे माझ्या मनात हे दोन्ही एकमेकांवर ठेवून बघायची सवय लागली आहे. कुरोसावानं असाजीला खरं बोलू दिलं, खाडिलकरांनी ती मोकळीक आनंदीबाईंना दिली नाही. खाडिलकरांनी रामशास्त्र्यांना बोलू दिलं, कुरोसावाच्या गडावर तसा माणूस राहूच शकला नसता. नोरियासु नावाचा एक म्हातारा इमानदार सरदार तिथे आहे, पण तोही धन्याच्या पोराला घेऊन शेजारच्या शत्रूकडे पळून जातो आणि फौज घेऊन परत येतो. निवाडा करायची जागा त्या गडात बांधलेलीच नाही.

मुलाचा मुद्दा अजून राहिला. शेक्सपिअरच्या जोडप्याला नाटकभर मूल नाही. कुरोसावानं इथे एक फार मोठा बदल केला आहे आणि त्याकडे टीकाकारांनी द्यायला हवं तेवढं लक्ष दिलं नाही, असं मला वाटतं. वाशिझु गडाचा धनी झाल्यावर मिकीच्या मुलाला वारस करायला निघतो, कारण स्वतःला मूल नाही. तेव्हा असाजी सांगते की, मला दिवस गेले आहेत. त्या एका वाक्यानं मिकीचा खून ठरतो. पुढे मूल मेलेलं जन्मतं, आणि त्यानंतरच असाजीचं डोकं फिरतं, रिकाम्या भांड्यात ती न निघणारं रक्त धूत बसते. लेडी मॅकबेथ खुनाच्या आठवणीनं वेडी होते. असाजी मूल गेल्यावर होते. तिचा सगळा हिशेब बरोबर होता, फक्त ज्याच्यासाठी हिशेब मांडला तेच आलं नाही.

आमच्या वाडीत हे बघताना हिरकणी आठवल्याशिवाय राहत नाही. वाडीचं नावच तिचं. कोजागिरीला दूध घालायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून रात्री कड्यावरून उतरली, आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला, ही आख्यायिका प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. २०१९ साली तिच्यावर चित्रपटही आला. मुलासाठी गड उतरली ती हिरकणी, तिला बुरूज. मुलासाठी गड धरून बसल्या त्या सोयराबाई, त्यांना वावडी. मूल दोन्हीकडे आहे. बाईनं गडाकडे पाठ केली तर आपण तिची पूजा करतो, गडाकडे तोंड केलं तर कारस्थान म्हणतो. मीही सात-आठ रुपयांसाठी हेच करत होतो. आणि १७७३ नंतर काय झालं ते बघा. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचं ते बाळ पेशवा झालं. गंगाबाईंच्या पोटावर अख्ख्या दौलतीचं राजकारण उभं राहिलं, पण ते करणारे पुरुष होते, म्हणून आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो. बारभाईंचा बेत योग्य होता, याबद्दल माझा वाद नाही. शब्द कोणासाठी कोणता वापरतो, एवढंच म्हणायचं आहे.

या सगळ्याचा शेवटचा धागा आमच्या तालुक्यात येऊन पोचतो, हे मला महाडच्या वाचनालयात जुनी पुस्तकं चाळताना कळलं आणि त्या दिवशी मी एस.टी. चुकवली. सवाई माधवराव १७९५ मध्ये गेले. पुढच्या वर्षी नाना फडणीस पुणे सोडून महाडला येऊन राहिले, आणि इथूनच पत्रांची जुळवाजुळव करून त्यांनी नव्या पेशव्याला मान्यता मिळवली. तो पेशवा दुसरा बाजीराव, म्हणजे राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुलगा. ज्या नानांनी तेवीस वर्षांपूर्वी त्या दोघांविरुद्ध बारभाईंचं कारस्थान उभं केलं, त्यांनीच. आनंदीबाई दोन वर्षं आधी वारल्या होत्या. असाजीचं मूल आलं नाही, आनंदीबाईंचं आलं, तेही शत्रूच्या हातानं, आणि ते बघायला त्या नव्हत्या. एवढी विचित्र कलाटणी शेक्सपिअरनंही घेतली नसती.

१८१८ साली इंग्रजांनी रायगडाला वेढा घातला तेव्हा बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई गडावर होत्या. मे महिन्याचे दिवस, म्हणजे धुकं नाही, सगळं लख्ख दिसत असणार. तोफांच्या गोळ्यांनी वरच्या इमारतींना आग लागली, त्या बघता बघता जळून गेल्या, आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. आनंदीबाईंची सून पायऱ्या उतरून खाली आली.

हल्ली पाहुणे विचारतात तेव्हा मी हा प्रसंग सांगतो. बहुतेकांना आनंदीबाई माहीत असतात, वाराणसीबाई कोणालाच नाही. परवा एका मुलीनं विचारलं, त्यांनी काय केलं होतं? मी म्हटलं, काही नाही, वर राहत होत्या. ती म्हणाली, मग गोष्ट काय त्यात? पाळण्याची वेळ झाली होती, ती निघून गेली.